१०० एमबीपीएसचं फायबर घेतलं, मग डाउनलोड १२ वरच का थांबतं? हिशोब सुरू होतो जुन्या मॉडेमपासून

घरात नवीन फायबर बसतं. भिंतीला भोक पाडून बारीक वायर आत येते, कनेक्शनवाला दिवे लुकलुकणारा डबा भिंतीवर ठोकतो, मोबाईलवर स्पीड टेस्ट लावून ९५ चा आकडा दाखवतो, सही घेतो आणि निघून जातो. संध्याकाळी घरातलं पोरगं लॅपटॉपवर एखादा मोठा गेम डाउनलोडला लावतं आणि बघतं तर काय, खिडकीत आकडा ११.८. फार ताणलं तर १२. प्लॅन मात्र १०० चा.

मग फोन जातो. "दादा, शंभरचे पैसे घेता आणि बारा देता?"

पलीकडून उत्तर येतं, "साहेब, तुमचं कनेक्शन एकदम ओके आहे." फोन बंद. त्यानंतर सोसायटीच्या ग्रुपवर स्क्रीनशॉट पडतो, खाली 'सगळे चोर आहेत' अशा दहा प्रतिक्रिया येतात आणि विषय तिथेच मिटतो.

गंमत म्हणजे या भांडणात दोघंही खरं बोलत असतात. फक्त एक जण रुपयांत बोलतोय आणि दुसरा आण्यांत.

तोच गोंधळ रोजच्या रिचार्जमध्येही आहे. मोबाईलवर मेसेज येतो की रोज १.५ जीबी डेटा मिळेल, तो संपल्यावर स्पीड ६४ केबीपीएस होईल. या एका ओळीत दोन वेगळी मापं आहेत. १.५ जीबीमधला 'बी' वेगळा आणि ६४ केबीपीएसमधला 'बी' वेगळा. पहिला बाइटचा, दुसरा बिटचा. इंग्रजीत लिहिताना बाइटसाठी कॅपिटल बी आणि बिटसाठी स्मॉल बी वापरायचा, अशी रीत आहे. मराठीत ती सोयच नाही. देवनागरीला कॅपिटल-स्मॉल नसल्यामुळे दोन्हीकडे 'एमबी'च लिहिलं जातं आणि फरक छपाईतच गायब होतो.

आठाचा पाढा

बिट म्हणजे माहितीचा सगळ्यात छोटा कण. हो किंवा नाही, १ किंवा ०. हा शब्द छापून आला तो १९४८ साली, क्लॉड शॅनन यांच्या गाजलेल्या शोधनिबंधात. शॅनन यांनी त्याचं श्रेय जॉन ट्युकी या गणितज्ञाला दिलं होतं.

बाइट हा शब्द १९५६ चा. आयबीएममध्ये स्ट्रेच नावाचा संगणक बनत होता आणि त्या कामावरच्या वर्नर बुखोल्झ यांनी बिटांच्या एका गठ्ठ्याला हे नाव दिलं. स्पेलिंगमध्ये मुद्दाम वाय घातला, नाहीतर घाईत लिहिताना कोणीतरी त्याचा बिट करून टाकेल अशी त्यांना भीती होती. इतकी काळजी घेऊनही पुढच्या पिढ्यांनी गोंधळ घातलाच, ती गोष्ट वेगळी. सुरुवातीला बाइटमध्ये किती बिट असावेत हे ठरलेलं नव्हतं. १९६४ मध्ये आयबीएमची सिस्टिम ३६० ही संगणकांची मालिका आली आणि आठ बिटांचा एक बाइट हे माप पक्कं झालं.

म्हणजे हिशोब सोपा आहे. जाहिरातीतल्या एमबीपीएसला आठने भागायचं, की डाउनलोडच्या खिडकीतला आकडा मिळतो. १०० भागिले ८ बरोबर १२.५. त्यातून थोडी कटत जाऊन पोराला ११.८ दिसले. ही कट कसली, ते पुढे येईलच.

रिचार्जचा मेसेज आता पुन्हा वाचला तर जरा वेगळा दिसतो. १.५ जीबी म्हणजे १२ अब्ज बिट. १०० एमबीपीएसच्या वेगाने वापरले तर दिवसभराचा कोटा बरोबर २ मिनिटांत संपतो. तेवढेच बिट ६४ केबीपीएसने यायला ५२ तास लागतात. ६४ केबीपीएस म्हणजे सेकंदाला ८ किलोबाइट. व्हॉट्सॲपवरचा २०० किलोबाइटचा फोटो २५ सेकंद गरगरत राहतो आणि ३ एमबीचं एखादं वेबपेज उघडायला सव्वासहा मिनिटं जातात. पैसे पाठवायचा व्यवहार त्यातल्या त्यात होऊन जातो, कारण त्याला बिटच थोडे लागतात.

पण मग वेग बिटमध्ये आणि साठा बाइटमध्ये, ही दोन मापं आलीच कशाला? कंपन्यांना आकडा आठपट मोठा दिसतो म्हणून त्या बिट वापरतात, असं समाजमाध्यमांवर नेहमी वाचायला मिळतं. मोठा आकडा त्यांना गोड लागतो यात शंका नाही. पण ही पद्धत त्यांनी शोधलेली नाही. ती आली तारखात्यातून आणि टेलिफोनच्या वायरीतून.

शिट्ट्यांची भाषा

संगणकाकडे १ आणि ० असतात. टेलिफोनची वायर मात्र माणसाचा आवाज नेण्यासाठी बनलेली. तिला १ आणि ० कळत नाहीत, सूर कळतात. मॉडेमचं काम एवढंच, की एका टोकाला आकड्यांचे सूर करायचे आणि दुसऱ्या टोकाला सुरांचे पुन्हा आकडे. ज्यांनी डायल-अप वापरलंय त्यांच्या कानात ती 'टीं-ट्याँव-खर्रर्र' अजून असेल. दोन यंत्रं एकमेकांना विचारत असायची, लाइन कशी आहे, किती जोरात बोलू?

१९६२ मध्ये अमेरिकेत एटी अँड टी कंपनीचा बेल १०३ नावाचा मॉडेम आला. फोन लावणाऱ्या बाजूचा मॉडेम ० साठी १०७० हर्ट्झची शिट्टी वाजवायचा आणि १ साठी १२७० हर्ट्झची. उत्तर देणारा २०२५ आणि २२२५ वापरायचा. चार सूर ठरलेले, त्यामुळे दोघं एकाच वेळी बोलले तरी घोटाळा होत नसे. सेकंदाला ३०० बिट जायचे.

वायरीवरून एका वेळी एकच बिट, एकामागून एक, मुंग्यांच्या रांगेसारखे जात होते. त्यामुळे ही मंडळी बिटच मोजायची. पलीकडे त्यांचे गठ्ठे किती बिटांचे बांधायचे, हा पलीकडच्या संगणकाचा प्रश्न. काही ठिकाणी अक्षर पाच बिटांचं होतं, काही ठिकाणी सात, काही ठिकाणी आठ. वायर टाकणाऱ्याने बाइटमध्ये वेग सांगितला असता, तर लोकांनी लगेच विचारलं असतं, कोणाचा बाइट? बिट मात्र सगळीकडे सारखाच. म्हणून वेग बिटमध्ये आणि संगणकातला साठा बाइटमध्ये, अशी वाटणी झाली आणि ती आजतागायत तशीच आहे.

यात आणखी एक शब्द घुसला, बॉड. एमिल बोदो या फ्रेंच तारयंत्र अभियंत्याच्या नावावरून आलेला. सेकंदाला सूर किती वेळा बदलतो, ते बॉड सांगतो. बेल १०३ मध्ये प्रत्येक सुरात एकच बिट जायचा, त्यामुळे ३०० बॉड आणि ३०० बिट एकच. पुढे एकाच सुरात जास्त बिट कोंबायची युक्ती सापडली आणि दोन्हींची फारकत झाली. एसटीच्या फेऱ्या आणि त्यातून गेलेले प्रवासी यांत जो फरक, तोच इथे. १९८४ च्या व्ही.३२ या मानकात फेऱ्या सेकंदाला २,४०० च होत्या, पण प्रत्येक फेरीत माहितीचे चार बिट बसायचे, म्हणून वेग ९,६०० बिट. दुकानदार मात्र बिनदिक्कत '९६०० बॉडचा मॉडेम' म्हणून विकायचे.

आता खोक्याचं वजन. मिठाईवाला पेढे तोलताना पुठ्ठ्याच्या खोक्यासकट तोलतो, तसं मॉडेमचंही होतं. पलीकडच्या यंत्राला अक्षर कुठे सुरू झालं आणि कुठे संपलं हे कळावं म्हणून प्रत्येक आठ बिटांच्या आधी एक सुरुवातीचा बिट आणि नंतर एक शेवटचा बिट जोडायचे. आठाचे झाले दहा. म्हणून त्या काळात ३०० ला आठने नाही, दहाने भागायचे आणि सेकंदाला ३० अक्षरं म्हणायचे.

आजच्या पद्धतीने मराठी लिहिलं तर 'नमस्कार' या शब्दात सात चिन्हं भरतात, कारण पाय मोडायचं चिन्ह आणि काना हेही वेगळे धरले जातात. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह वेबवरच्या नेहमीच्या पद्धतीत ३ बाइट घेतं. म्हणजे एका नमस्काराला २१ बाइट आणि खोक्यासकट २१० बिट. बेल १०३ ला नुसता नमस्कार पोचवायला ०.७ सेकंद लागले असते. तोंडाने म्हणायला साधारण तेवढाच वेळ लागतो.

मुंबईत इंटरनेट आलं तेव्हा

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झालं १५ ऑगस्ट १९९५ ला. विदेश संचार निगमने ते आणलं आणि पहिल्या शहरांमध्ये मुंबई होती. घरातल्या फोनवरून डायल-अपने मिळणारा वेग ९.६ केबीपीएस, म्हणजे सेकंदाला फार तर १.२ किलोबाइट. त्यावर ५ एमबीचं एक गाणं उतरवायचं तर कागदावरच्या हिशोबाने जवळपास पावणेनऊ मिनिटं... असं कोणाला वाटलं तर पुन्हा आठाचा घोळ झाला. ५ एमबी म्हणजे ४ कोटी बिट, भागिले ९,६००. उत्तर ४,१६७ सेकंद, म्हणजे सव्वा तासाला सहा मिनिटं कमी. तेवढा वेळ घरचा फोन अडकलेला, मीटर चालू, आणि मध्येच आत्याने पलीकडून फोन लावला तर तिला एंगेज टोन.

पुढे मॉडेम भराभर सुधारले. १४.४, मग १९९४ मध्ये २८.८, मग ३३.६ केबीपीएस. आणि तिथे गाडी अडली. अभियंते थकले म्हणून नाही. शॅनन यांनी १९४८ मध्येच गणित मांडून ठेवलं होतं, की वाहिनीची रुंदी आणि तिच्यातला गोंगाट ठरला की वेगाची कमाल मर्यादाही ठरते. टेलिफोनवर आवाजाचा ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढाच पट्टा पुढे जातो, म्हणजे रुंदी ३,१००. लाइन चांगली असेल आणि गोंगाटापेक्षा सूर ३,००० पट जोरदार असेल, तर मर्यादा येते सेकंदाला सुमारे ३६,००० बिट. ३३.६ म्हणजे जवळपास छताला डोकं टेकलेलं.

मग १९९७ मध्ये ५६ केबीपीएसचा मॉडेम कसा आला? इथेच या सगळ्या गोष्टीची किल्ली आहे.

सेकंदाला आठ हजार ठोके

तोवर टेलिफोन एक्स्चेंजच्या आत आवाज आकड्यांत बदललेला होता. बोलणाऱ्याचा आवाज एक्स्चेंजला पोचला की त्याची सेकंदाला ८,००० वेळा उंची मोजायची आणि प्रत्येक वेळी ती एका बाइटमध्ये, म्हणजे आठ बिटांत लिहायची. ८,००० यासाठी, की फोनवरचा आवाज ४,००० हर्ट्झच्या आतला असतो आणि कुठलाही सूर नीट पकडायचा तर त्याच्या दुपटीने मोजावं लागतं. ८,००० गुणिले ८ बरोबर ६४,०००. एका फोन कॉलला ६४ केबीपीएस. डेटा संपल्यावर मोबाईलवर जो आकडा येतो तोच हा, टेलिफोनच्या जगातला जुना ओळखीचा आकडा.

५६ के मॉडेम बनवणाऱ्यांनी ओळखलं, की इंटरनेट देणाऱ्याची बाजू थेट या आकड्यांच्या जाळ्याला जोडलेली असेल तर आकड्यांचे सूर फक्त एकदाच करावे लागतात, शेवटच्या तांब्याच्या तारेवर. प्रत्येक ठोक्याला उंचीच्या २५६ पायऱ्या होत्या. पण त्यातल्या काही इतक्या जवळजवळ, की तारेवरच्या खरखरीत ओळखू येईनात. ओळखता येण्याजोग्या साधारण १२८ उरल्या. १२८ पायऱ्या म्हणजे सात बिट. ८,००० गुणिले ७ बरोबर ५६,०००. हा ५६ आकडा कोणी जाहिरातीसाठी काढलेला नाही, तो आठातला एक बिट सोडून दिल्याचा आकडा आहे.

प्रत्यक्षात ५६ कोणालाच मिळायचे नाहीत. लाइन जोडली गेली की पडद्याच्या कोपऱ्यात ४४,००० किंवा ४६,६६७ असले विचित्र आकडे यायचे. शिवाय ही युक्ती एकाच दिशेने चालायची. घराकडून वर पाठवताना पुन्हा जास्तीत जास्त ३३.६. आणि गावचं एक्स्चेंज जुनं असेल, मध्ये कुठेतरी आकड्यांचा पुन्हा सूर होत असेल, तर ५६ चा मॉडेम विकत घेऊनही ३३.६ च्या वर काटा हलत नसे. तेव्हाही दुकानदाराशी भांडणं झालीच असतील.

सरकारी व्याख्या याच काळातल्या आहेत. ऑक्टोबर २००४ च्या धोरणात ब्रॉडबँड म्हणवून घ्यायला किमान २५६ केबीपीएस पुरेसे होते, म्हणजे सेकंदाला ३२ किलोबाइट. २०१३ मध्ये ते ५१२ झाले. जानेवारी २०२३ मध्ये २ एमबीपीएस, म्हणजे सेकंदाला पाव एमबी. कायद्याच्या भाषेत आजही एवढं दिलं की ते ब्रॉडबँड ठरतं.

काच आणि तोच ठोका

फायबरमध्ये तांब्याची तार नाही, काचेचा धागा आहे. ज्यातून प्रकाश धावतो तो गाभा सुमारे ९ मायक्रॉनचा, केसापेक्षा कितीतरी बारीक. पंजाबात मोगा इथे जन्मलेले नरिंदरसिंग कपानी यांनी लंडनच्या इंपीरियल कॉलेजात हॉपकिन्स यांच्याबरोबर काचेच्या धाग्यांच्या जुडीतून चित्र पलीकडे नेऊन दाखवलं, तो निबंध १९५४ चा. पण लांब अंतरावर प्रकाश काचेतच विरून जायचा. १९६६ मध्ये चार्ल्स काओ यांनी दाखवून दिलं की दोष काचेचा नाही, तिच्यातल्या अशुद्धतेचा आहे. किलोमीटरभर गेल्यावर १ टक्का प्रकाश उरला तरी दळणवळणाला पुरेल, असा त्यांचा हिशोब होता. १९७० मध्ये कॉर्निंग कंपनीने तशी काच केली. काओ यांना २००९ मध्ये नोबेल मिळालं. आजच्या चांगल्या धाग्यात किलोमीटरनंतर ९५ टक्क्यांहून जास्त प्रकाश शिल्लक असतो.

घरोघरच्या फायबरमध्ये जीपीओएन ही पद्धत खूप वापरली जाते. तिचा खाली येणारा वेग २.४८८ जीबीपीएस सांगतात. पूर्ण आकडा २,४८,८३,२०,००० बिट. २.५ का नाही, हे असं अर्धवट का? याला ६४,००० ने भागून बघितलं तर उत्तर येतं ३८,८८०. बरोबर, एकही बिट उरत नाही.

हा योगायोग नाही. जीपीओएन ज्या आकड्यांवर उभं आहे, ते टेलिफोनच्या जाळ्यासाठीच ठरले होते. त्यात माहिती १२५ मायक्रोसेकंदांच्या चौकटींमध्ये जाते, म्हणजे सेकंदाला ८,००० चौकटी. तोच जुना ठोका. फरक इतकाच की फोनच्या वायरीत प्रत्येक ठोक्याला एक बाइट जायचा, ५६ के मॉडेमला त्यातले सात बिट मिळायचे, आणि काचेच्या धाग्यात प्रत्येक ठोक्याला ३८,८८० बाइट जातात. जुना मॉडेम आणि आजचं फायबर यांच्यातली तुलना एका वाक्यात करायची झाली तर ती हीच. ढोलकीचा ठेका तोच आहे, एका थापेत मावणारे बोल वाढलेत.

पण हे ३८,८८० बाइट एका घराचे नाहीत. खांबावर किंवा जिन्यात जो छोटा डबा असतो, त्यात एक धागा काचेच्याच विभाजकाने फोडून ३२ किंवा ६४ घरांना वाटलेला असतो. सगळ्यांना तोच प्रकाश पोचतो, प्रत्येकाचा डबा आपल्या नावाचं तेवढं उचलतो. ३२ घरांनी एकाच क्षणी पूर्ण जोर लावला तर प्रत्येकाच्या वाट्याला ७७.८ एमबीपीएस येतात, ६४ घरं असतील तर ३८.९. तरीही सगळ्यांना १०० चे, २०० चे प्लॅन विकता येतात, कारण सगळी घरं एकाच सेकंदाला पूर्ण ताकदीने डाउनलोड करत नाहीत. नळाच्या पाण्याचंही असंच असतं. क्रिकेटची फायनल असलेल्या रात्री मात्र हा अंदाज कधीकधी चुकतो.

छोटे केबलवाले अनेकदा ईपीओएन नावाची दुसरी पद्धत वापरतात. तिच्यात धाग्यावरून सेकंदाला १.२५ अब्ज बिट धावतात आणि कामाचे निघतात १ अब्ज. कारण प्रत्येक आठ बिटांमागे दहा पाठवले जातात. १९६२ च्या मॉडेमचं मिठाईचं खोकं काचेच्या धाग्यातही आलं. इथे त्याचं काम थोडं वेगळं आहे, सलग एकाच प्रकारचे बिट आले तर पलीकडच्याचा ताल चुकू नये म्हणून ते असतं, पण वजन तेवढंच.

भांडायचं कधी, सोडून द्यायचं कधी

आता ती राहिलेली कट. १०० ला आठने भागून १२.५ येतात, दिसतात ११.८. इंटरनेटवरची प्रत्येक फाइल छोट्या पाकिटांतून येते. एका पाकिटासाठी वायरीवर १,५३८ बाइट लागतात आणि त्यात फाइलचे असतात १,४६०. बाकीचं नाव, पत्ता, शिक्का. म्हणजे ९५ टक्केच माल. १२.५ चे होतात ११.९. लॅपटॉपची विंडोज एमबी मोजताना १,००० च्या जागी १,०२४ ची पट धरते, त्यातही थोडं कमी दिसतं. तेव्हा १०० च्या प्लॅनवर ११ ते १२ दिसत असतील, तर कनेक्शनवाल्याला फोन करण्यात अर्थ नाही.

२०० चा प्लॅन असेल आणि स्पीड टेस्टचा आकडा कितीही वेळा लावला तरी ९४-९५ वर येऊन गप्प बसत असेल, तर मात्र फोन करायलाच हवा. हा आकडा इतका ठरलेला आहे की तो स्वतःच पुरावा आहे. वर आलेलाच हिशोब, १०० च्या ९५ टक्के. याचा अर्थ धाग्यातून २०० येतायत, पण पुढे कुठेतरी १०० एमबीपीएसचं दार लागलंय. बहुतेक वेळा ते राउटरचं पोर्ट असतं. स्वस्तातल्या अनेक डब्यांना १०० चंच पोर्ट असतं आणि डबा बसवून जाणारा ते सांगत नाही. कधी डबा चांगला असतो, पण निळ्या-पिवळ्या लॅन केबलमधल्या चार जोड्यांपैकी एक तुटलेली असते. १०० च्या वेगाला दोन जोड्या पुरतात, १,००० ला चारही लागतात, म्हणून केबल बंद न पडता मुकाट १०० वर येते. उंदराने कुरतडलेली किंवा दाराच्या फटीत चेपलेली वायर वर्षभर अशी अर्ध्या वेगाने चालू शकते आणि बिल पूर्ण २०० चं जात राहतं. लॅपटॉपच्या नेटवर्क सेटिंगमध्ये लिंक स्पीड बघितला की कळतं, तिथे १०० लिहिलंय की १,०००.

वायफायवर तपासून भांडायला जाऊ नये. दोन भिंतींपलीकडे, शेजाऱ्यांच्या पंधरा वायफायच्या गर्दीत आकडा कितीही पडू शकतो आणि तो धाग्याचा दोष नसतो. तपासायचं तर राउटरला केबल लावून.

आणि एक गोष्ट भाग देऊन मिळत नाही, ती म्हणजे उत्तर यायला लागणारा वेळ. काचेतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. समुद्राखालून येणाऱ्या अनेक केबल मुंबईत वर्सोव्याला किनाऱ्यावर लागतात. तिथून लंडन सरळ रेषेत ७,२०० किलोमीटर धरलं तरी जाऊन यायला ७२ मिलिसेकंद लागणारच, आणि केबल काही सरळ जात नाही. गेम खेळणाऱ्या पोराने १०० चा प्लॅन सोडून १,००० चा घेतला, तरी लंडनच्या सर्व्हरवरची त्याची गोळी तेवढ्याच उशिरा लागते.